भिंगबाईंची चौदा दारं

भिंगबाई बाथरूममध्ये शिरल्या की शॉवरच्या काचेच्या दाराकडे सरळ कधी बघायच्या नाहीत. आधी डावीकडे सरकायच्या, खिडकीतला उजेड काचेवरून तिरका घसरेल अशा बेताने मान कलती करायच्या, एक डोळा बारीक करायच्या आणि डाग सापडला की त्याला बोलावल्यासारखं "या" म्हणायच्या. डाग कसला, तर पाण्याच्या एखाद्या थेंबाने वाळता वाळता मागे ठेवलेलं पांढरं कडं. दुसऱ्या कुणाला ते दाखवूनही दिसायचं नाही.

बस स्थानकासमोरच्या दुमजली गेस्ट हाउसमध्ये त्या साफसफाईच्या मुख्य होत्या. खाली सात खोल्या, वर सात. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकदा एका पाहुणीच्या कानातल्याची फिरकी गालिच्यात हरवली. चार माणसं गुडघ्यावर रांगून दमली. बाई दारातच उभ्या राहिल्या, मान कलती केली आणि पलंगाच्या पायाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मालकांनी त्यांना भिंगबाई म्हटलं, आणि महिन्याभरात लोक त्यांच्या नवऱ्यालाही 'भिंगबाईंचे ते' म्हणायला लागले. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला खरंखुरं भिंग लावून बसणारा माणूस तो, पण नाव झालं बायकोचं. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्याची कशाबद्दलच नसायची.

गेस्ट हाउसच्या बाथरूममध्ये पूर्वी प्लास्टिकचे पडदे होते. पाच वर्षांपूर्वी मालक एका लग्नाला दुसऱ्या गावी गेले, तिथल्या मोठ्या हॉटेलात काचेच्या दारामागे अंघोळ करून आले आणि त्यांना पडद्यांची लाज वाटायला लागली. चौदा दारं आली. मालकांचं सगळं असंच असायचं. नवी वस्तू दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर पहिलीच्या वर्गातला आनंद यायचा. मागे त्यांनी बूट पुसायचं यंत्र आणलं होतं, त्याने एका औषध कंपनीच्या माणसाची लेस गिळली. मग आपोआप सुगंध फवारणारी डबी आणली. ती जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकावर शिंकायची, आणि शेवटी भिंगबाईंनीच तिचा सेल काढून रिमोटला घातला.

दारं मात्र भिंगबाईंना आवडली. पडदा कितीही धुवा, तो पडदाच राहतो. काच पुसली की ती नाहीशी होते. अडचण एकच होती, पाणी. तिथलं पाणी इतकं जड, की किटलीच्या तळाला आठवड्याभरात खपली धरायची. सकाळी सहा ते नऊ सगळे पाहुणे अंघोळ करून कामाला निघायचे आणि मागे चौदा दारांवर साबणाचा आणि क्षारांचा पांढुरका थर सोडून जायचे. भिंगबाई आणि त्यांची नणंद मग बादल्या घेऊन निघायच्या.

नणंद धाकटी, पन्नाशीला टेकलेली. भिंगबाईंनीच शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं, आणि त्या शब्दाचा त्यांना दिवसातून सरासरी एकदा पश्चात्ताप व्हायचा. नणंदेचं काम वाईट नव्हतं. पुरेसं होतं, आणि पुरेसं हा शब्द भिंगबाईंना शिवीसारखा लागायचा. एरवी त्या तिला अगं-तुगं करायच्या. राग आला की मात्र 'वन्सं' आणि 'अहो-जाहो' सुरू व्हायचं, आणि मग नणंद मुकाट्याने फडकं पुन्हा पिळून घ्यायची.

एका मंगळवारी कोटिंगवाला आला.

मऊ आवाजाचा, मध्यम वयाचा माणूस. बुटांकडे बघून केस विंचरता आले असते. त्याने कॉफीच्या टेबलावर काचेचा एक तुकडा उभा केला आणि सांगितलं की याच्या अर्ध्या भागावर आमचं संरक्षक कोटिंग आहे, अर्ध्यावर नाही. मग पेल्यातलं पाणी ओतलं. एका बाजूला पाणी पसरून चिकटून बसलं. दुसऱ्या बाजूला त्याचे मणी झाले आणि शाळा सुटल्यासारखे खाली पळाले. मालकांचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. नणंद म्हणाली, पुन्हा करून दाखवा. त्याने पुन्हा करून दाखवलं.

काच आपल्याला गुळगुळीत वाटते, तो सांगत होता, पण बारकाईने पाहिलं तर तिच्यावर खाचखळगे असतात. पाण्यातले क्षार त्यात जाऊन बसतात आणि घर करतात. कोटिंग ते खळगे बुजवतं, मग क्षारांना बूड टेकायला जागाच उरत नाही.

भिंगबाई दाराला टेकून उभ्या होत्या. पाणी कुठलं, असं त्यांनी विचारलं. त्याच्या पिशवीतल्या बाटलीतलं होतं. त्या आत गेल्या आणि नळाचं पाणी तांब्याभर घेऊन आल्या. त्याचेही मणी झाले. हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

"किती टिकतं हे?"

कारखान्यातच काचेवर भाजून लावलेलं कोटिंग पुष्कळ वर्षं टिकतं, असं तो म्हणाला. हे जागेवर हाताने लावायचं, तेव्हा दोन-तीन वर्षं, नीट निगा राखली तर. निगा म्हणजे काय, हे त्या विचारणार हे बहुधा त्याला ठाऊक होतं, कारण त्याने आपणहून हमीचा कागद पुढे केला. भिंगबाईंनी चष्मा काढला. जवळचं त्यांना चष्म्याशिवायच दिसायचं. कागदाच्या मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत मजकूर होता. त्या तो मोठ्याने वाचायला लागल्या. खरखरीत घासणी वापरू नये. आम्ल असलेली द्रव्यं वापरू नयेत. प्रत्येक अंघोळीनंतर दार रबरी वायपरने निपटून घ्यावं.

त्यांनी कागद खाली ठेवला. "म्हणजे रोज मीच पुसायचं. मग हे काय करणार?"

कोटिंगवाला हसला, पण जरा सावरून. पुसणं सोपं होईल, असं तो म्हणाला. भिंगबाई म्हणाल्या की त्यांना काही अवघड जात नाही. मालकांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. ते तांब्यातलं उरलेलं पाणी काचेवर ओतून मणी पळताना बघत होते, आणि चौदाच्या चौदा दारांना कोटिंग लावून घ्यायचं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं होतं.

भिंगबाईंनी बूट पुसायच्या यंत्राची आठवण करून दिली.  शेवटी असं ठरलं की खालच्या मजल्यावरच्या सात दारांना कोटिंग लावायचं, वरची सात तशीच ठेवायची, आणि तीन महिन्यांनी बघायचं. चांगलं निघालं तर वरही लावू. कोटिंगवाल्यालाही ते पटलं. आपल्या मालावर त्याचा खराच भरवसा होता.

कोटिंग लावायला तो गुरुवारी आला. आधी काच पूर्ण स्वच्छ करावी लागते, नाहीतर मळच आत कोंडला जातो, म्हणून त्याने पहिला दिवस नुसत्या सफाईसाठी ठेवला होता. पहिल्या खोलीत त्याने काचेवरून बोट फिरवलं. दुसऱ्या खोलीत फिरवलं. मग सफाईची बाटली पिशवीत परत ठेवली आणि म्हणाला की इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण करायला काही शिल्लकच नाही अशी काच पहिल्यांदा पाहतोय. भिंगबाईंनी तोंड फिरवून चादरीच्या घड्या घालायला घेतल्या, म्हणून त्यांचा चेहरा त्याला दिसला नाही. फक्त पाच नंबरच्या दारावर एक धुरकट पट्टा होता. भिंगबाई रजेवर असताना कुणीतरी फरशीचं ॲसिड त्यावर मारलं होतं, तेव्हापासूनचा. भिंगबाईंनी विचारलं, हा जाईल का कोटिंगने? तो सरळ नाही म्हणाला. काच जळली की जळली, वर काही लावून ती परत येत नाही. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं भिंगबाईंना वाटून गेलं. खोटारड्या माणसाचा राग करणं सोपं असतं.

सातही दारांना कोटिंग त्याच दिवशी लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चढाओढ सुरू झाली. ती चढाओढ आहे हे फक्त भिंगबाईंना माहीत होतं.

कामाची वाटणी त्यांनीच केली. खालची कोटिंगची सात दारं नणंदेला, वरची सात स्वतःला. नणंदेला वाटलं, वहिनी जिना चढायचं काम आपण होऊन घेतायत, मनाने किती मोठ्या. खाली ती प्रत्येक दारावरून एकदा वायपर ओढायची, कडा फडक्याने टिपायची आणि पुढे जायची. मणी तर आपसूकच निम्मे खाली उतरलेले असायचे. साडेदहाला तिचं काम आटोपायचं, आणि मागच्या पायरीवर बसून ती चपला काढून चहा प्यायची.

वर भिंगबाई काचेला भिडलेल्या असायच्या. कोमट पाणी, साबण, वायपर, मग जुन्या सुती चादरीचं फडकं, मग कोरडं फडकं, मग मान कलती करून तपासणी. पूर्वी हे सगळं त्या दिवसातून एकदाच करायच्या. आता दुपारी पुन्हा एक फेरी मारायला लागल्या. पाहुणे बाहेर गेलेले, काच कोरडी ठणठणीत, तरी फेरी. त्यासाठी त्यांनी नवऱ्याकडून एक जुनं घड्याळ मागून आणलं होतं. एका दाराला किती मिनिटं लागतात ते बघायचं होतं. नणंदेच्या दाराला दोन मिनिटं लागत होती. स्वतःच्या दाराला सात. दोन दिवस मोजल्यावर त्यांनी घड्याळ परत केलं. नवऱ्याने विचारलं, बंद पडलं का? त्या म्हणाल्या, नाही, उगाच खिशाला जड होत होतं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण दुसऱ्या महिन्यात एके दुपारी, नणंद पायरीवर असताना, भिंगबाई तीन नंबरच्या खोलीत गेल्या. हातात भांडी घासायची तारेची घासणी होती. हमीच्या कागदात लिहिलं होतं की खरखरीत घासणीने कोटिंग जातं, आणि लिहिलेलं खरं असतं की नाही हे एकदा तपासायला हवं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दाराच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, बशीएवढ्या जागेत त्यांनी घासणी फिरवली आणि वर पाणी टाकलं. बाकी सगळ्या काचेवर मणी झाले, बशीएवढ्या जागेत पाणी पसरून बसलं. कागद खरा होता. आपल्याला आनंद व्हायला हवा होता, असं त्यांना वाटलं. तो काही झाला नाही. त्या घाईने बाहेर आल्या आणि नणंदेला विनाकारण म्हणाल्या, "वन्सं, चहा झाला असेल तर उठा आता."

त्याच सुमाराला त्यांचा उजवा खांदा कुरकुर करायला लागला. आधी त्यांनी मनावर घेतलं नाही. मग वरच्या फळीवरचा डबा काढताना डावा हात वापरायला लागल्या. मग वेणी नीट घालता येईना, म्हणून नुसता अंबाडा, तोही मानेजवळ कसाबसा. नवऱ्याचं आयुष्य बारीक चाकं बघण्यात गेलेलं. त्याने एक दिवस जेवताना विचारलं, हात किती दिवस असा आहे? त्या म्हणाल्या, कसा?  दुसऱ्या दिवशी सगळे डबे खालच्या फळीवर आले होते.

तीन महिने झाले. मालक तपासणीला निघाले. सोबत भिंगबाई, नणंद आणि मालकांनी खास निरोप धाडून बोलावलेला कोटिंगवाला. मालकांनी खालची सात दारं पाहिली. छान होती. वर गेले. वरचीही छान होती. मालक पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. कुठल्याच मजल्यावर त्यांना फरक दिसेना, आणि फरक दिसावा अशी त्यांची फार इच्छा होती.

जिन्यावरच्या या ये-जा करण्यात कोटिंगवाल्याचा मजल्यांचा हिशेब चुकला. तो अकरा नंबरच्या दारापाशी थांबला, काचेवरून हळूच बोट फिरवलं आणि मालकांना म्हणाला, "हे पाहा साहेब. यालाच मी संरक्षण म्हणतो. नुसतं पुसून ही चमक यायची नाही."

 नणंदेने पदराचं टोक तोंडात धरलं. मग मालकांनी अगदी दिलगिरीच्या सुरात सांगितलं की हा वरचा मजला आहे, इथे कोटिंग लावलेलंच नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने सारवासारव केली असती. याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने काचेकडे पाहिलं, मग भिंगबाईंकडे पाहिलं, आणि फक्त म्हणाला की मग पुढे बोलण्यासारखं काही नाही. जाताना त्याने सगळ्यांना नमस्कार केला. मालक हिरमुसले, पण त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की कोटिंग वगैरे सब झूट, आपल्या भिंगबाई म्हणजेच आपलं कोटिंग. नणंदेने टाळ्या वाजवल्या. भिंगबाईंनी हसून मान डोलावली. त्यांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्यांना कुठेतरी पटकन बसावंसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी बारा नंबरच्या दारावर वायपर वरून खाली आणताना त्यांचा खांदा अडकला. अडकला म्हणजे खरोखर अडकला. हात वर गेलेला, तो ना पुढे येईना, ना खाली. बस थांबवायला हात करावा तशा त्या शॉवरखाली उभ्या राहिल्या. हाक मारायचीही चोरी, कारण कुणी आलंच तर काय सांगणार? दहा मिनिटं गेली. शेवटी खाली काम उरकून नणंद सहज वर डोकावली.

"वहिनी, कुणाला बोलावताय?"

"तुलाच," भिंगबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नणंदेने त्यांचा हात कोपराखाली धरला, इंच इंच करत खाली आणला, त्यांना पलंगाच्या कडेवर बसवलं आणि स्वतः बारा नंबरचं दार पुरं केलं. पुरेसं केलं. भिंगबाई बघत राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी कसली खोट काढली नाही.

डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला, हात कुठवर जातो ते बघितलं आणि विचारलं की काम काय करता. काचा पुसते, म्हणाल्यावर त्यांनी किती, असं विचारलं. भिंगबाईंनी खरा आकडा सांगितला नाही, तरी डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. तीन आठवडे पूर्ण विश्रांती, आणि रोज भिंतीवर बोटं चालवत न्यायचा व्यायाम.

तीन आठवडे त्या घरी होत्या. घरातल्या काचा पहिल्या दिवशीच डाव्या हाताने पुसून झाल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दुकानातल्या घड्याळांच्या काचा आणून त्यांच्यासमोर ठेवल्या, छोट्या छोट्या, नाण्याएवढ्या. एका हाताने बसल्या जागी पुसता येण्यासारख्या. माणूस बोलत नसला तरी त्याचं लक्ष कुठे असतं हे त्या दिवशी भिंगबाईंना पुन्हा एकदा कळलं.

बाविसाव्या दिवशी त्या कामावर हजर झाल्या आणि बादलीही न उचलता सरळ वरच्या मजल्यावर गेल्या. आठ नंबरच्या दारात मान कलती करायची गरजच पडली नाही. काचेवर कमरेच्या उंचीपर्यंत पांढरी साय धरली होती. नऊ नंबरला तेच. दहाला तर थेंबांचे ओघळ वाळून काचेवर नकाशे झाले होते. नणंदेने कामचुकारपणा केला म्हणावं, तर फरशी लख्ख, नळ लख्ख. एकट्या बाईने दोन मजले सांभाळून जेवढं पुसता येईल तेवढं तिने पुसलं होतं.

मग त्या खाली आल्या. खालीही हीच नणंद, हाच हात, हीच दोन मिनिटं. आणि दारं ठीक होती. अगदी भिंगबाईंच्या डोळ्याला एक-दोन कडी सापडली, पण फडकं फिरवल्यावर ती निघून गेली. फक्त तीन नंबरच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, बशीएवढा पांढरा डाग उमटला होता. रजेवर जाईपर्यंत तेवढी जागा त्या दुपारच्या फेरीत गुपचूप पुसून घ्यायच्या. नणंद मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बघा ना वहिनी, हा एवढाच कोपरा काही केल्या ऐकत नाही. काय झालंय कुणास ठाऊक."

भिंगबाई तिथेच खाली बसल्या, शॉवरच्या उंबऱ्यावर. आता गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. मालकांच्या लेखी निकाल लागला होता, कोटिंगवाला तोंड पाडून परत गेला होता. त्यांनी वरची सात दारं आठ-दहा दिवसांत पूर्वीसारखी केली असती. खांद्याचं मग जे व्हायचं ते झालं असतं. त्यांनी थोडा वेळ त्या डागाकडे बघितलं, मग उठून मालकांच्या खोलीत गेल्या. नणंद काही न कळून मागोमाग गेली.

मालक पावत्या लावत बसले होते. खांदा कसा आहे, असं त्यांनी विचारलं. भिंगबाई म्हणाल्या,

"मालक, परीक्षेत मी कॉपी केली."

मालकांना अर्थबोध होईना. मग भिंगबाईंनी सगळं सांगितलं. दुपारच्या दुसऱ्या फेऱ्या, दोन मिनिटं आणि सात मिनिटं, परत केलेलं घड्याळ. घासणीचंही सांगितलं. ते सांगताना त्या मालकांकडे नाही, नणंदेकडे बघत होत्या, कारण तीन आठवडे तो कोपरा तिने घासला होता. कोटिंग लबाड नाही, त्या म्हणाल्या. ते सांगतात तेवढं सगळं करत नाही, पुसायचं चुकत नाही, पण हात अर्धा लागतो. मी हरले असते, म्हणून मी दोन हातांचं काम एका हाताने केलं.

 मालकांना रागवायचं होतं की हसायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मग त्यांनी विचारलं की आता करायचं काय. भिंगबाई म्हणाल्या, वरच्या सात दारांना लावून घ्या. आणि तीन नंबरच्या कोपऱ्याचे पैसे माझ्याकडून.

 मागच्या पायरीवर बसल्यावर नणंदेने दोन कप चहा ओतला, एक पुढे सरकवला आणि म्हणाली, "कोपरा होय. मला वाटलं, माझंच काही चुकतंय." भिंगबाईंनी तिची माफी मागितली. तीही 'अहो' न म्हणता, तू म्हणून. नणंदेने हे आयुष्यभर बोलून दाखवण्याचं ठरवलं आणि पुढे तसं केलंही.

कोटिंगवाल्याला फोन स्वतः भिंगबाईंनीच केला. तो आला तेव्हा वरची काच त्यांनी आणि नणंदेने मिळून साफ करून ठेवली होती, आठवडा घेऊन, रोज एक दार, डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर न जाता. घासणीची गोष्ट ऐकून तो हसला नाही. फार गंभीरपणे त्याने विचारलं की घासणी कुठल्या प्रकारची होती, आणि वहीत टिपून घेतलं.

खालचं कोटिंग पुढे वर्ष, सव्वा वर्ष नीट चाललं. तो म्हणाला होता तेवढं नाही. जिथे पाण्याची धार थेट लागते त्या पट्ट्यातलं आधी गेलं, मणी मंदावले, मग पसरायला लागले. तेव्हा भिंगबाईंनी बाजारातून हाताने लावायची साधी बाटली आणवली आणि एका रविवारी नणंद-भावजयीने मिळून सातही दारं पुन्हा केली. ते चार-सहा महिने टिकतं, मग परत लावायचं. वरचं कोटिंग मागाहून लागलं, ते अजून टिकून आहे. पाच नंबरचा धुरकट पट्टा आहे तिथेच आहे.

आता कोटिंगवाला गिऱ्हाइकाच्या मनात शंका आहे असं दिसलं की भिंगबाईंचा नंबर देतो. त्याने त्याचा धंदा वाढतो की बुडतो, हे त्याचं त्यालाच माहीत, कारण भिंगबाई अर्ध्याहून जास्त लोकांना घेऊ नका म्हणून सांगतात. आधी विचारतात, पाणी कसं आहे? किटलीत खपली धरत नसेल तर पैसे वाचवा. मग विचारतात, काच नवी आहे की जळलेली? जळलेली असेल तर आशा सोडा. मग विचारतात, पुसतं कोण? रोज वायपर मारणारं घरात कुणी असेल आणि त्याचे हात ठणठणीत असतील, तर कोटिंग नसलं तरी चालतं. कुणीच पुसणार नसेल, तर असूनही उपयोग नाही. मधल्यांनी घ्यावं.

परवा एका गृहस्थांचा फोन आला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी फटाफट दिली. तिसऱ्याला अडले. पुसतं कोण हे आपण कधी पाहिलं नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले, आणि मग फोन तसाच हातात धरून घरात विचारत फिरायला लागले. भिंगबाईंना दारं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज ऐकू येत होते. शेवटी एका बाईंचा आवाज आला. कोण बोलतंय, त्यांनी विचारलं. भिंगबाईंनी सांगितलं आणि खांदा कसा आहे, असं विचारलं.  मग त्या बाई बोलायला लागल्या. आधी उजव्या खांद्याबद्दल, मग सासूबाईंबद्दल, मग मोठ्या जावेबद्दल, मग पुन्हा खांद्याबद्दल. नणंदेने दोनदा डोकावून खुणेने विचारलं की किती वेळ. भिंगबाईंनी तिला हाताने बसायची खूण केली, उजव्याच हाताने, आणि त्या ऐकत राहिल्या.